कंटेनर नाही, तरी एक्स्पोर्ट!

किर्लोस्करवाडीत तयार झालेला पंप परदेशी कसा जातो, हे मेकॅनिकलच्याच काय, कुठल्याही ब्रँचच्या मुलाला डोळ्यासमोर आणता येतं. लाकडी खोकं, ट्रक, न्हावा-शेवा बंदर, कस्टमचा शिक्का, जहाज. तिकडे खोकं उघडलं, पंप बसवला, बटण दाबलं, पाणी आलं. झाला एक्स्पोर्ट!

आता दुसरं उदाहरण घ्या. पुण्यातल्या एखाद्या कंपनीनं जर्मनीतल्या गाडीच्या इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिटसाठी सॉफ्टवेअर लिहून दिलं. बंदरावर काय गेलं? काही नाही. कस्टमवाल्यानं काय उघडून पाहिलं? काही नाही. पण पैसे मात्र आले, तेही युरोत. मग विकलं काय? आणि त्याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे, हजारो किलोमीटर दूर बसलेल्या गिऱ्हाइकानं, कधी न पाहिलेल्या कंपनीवर विश्वास कसा टाकला?

दोस्तहो, आपल्यातले कितीतरी जण लवकरच अशाच कंपन्यांच्या गेटवर आयकार्ड लावणार आहेत. प्लेसमेंटच्या सीझनला पॅकेजची चर्चा मेसपासून बाथरूमच्या रांगेपर्यंत होते, पण ही कंपनी पैसे कमावते कशी, हे विचारणारा क्वचितच भेटतो. ज्या गाडीत बसायचं आहे तिचं बोनेट एकदा उघडून बघायला काय हरकत आहे?

हा माल आहे तरी कसला?

सॉफ्टवेअर, इंजिनिअरिंग डिझाइन, स्ट्रक्चरल कन्सल्टन्सी, ऑडिट, आर्किटेक्ट, टेस्टिंग लॅब, मार्केट रिसर्च – या सगळ्यांना मिळून 'ज्ञानाधारित सेवा' म्हणतात. यांच्याकडे विकायला वस्तू नसते, तर प्रश्न सोडवण्याची हातोटी असते. या मालाचे तीन गुणधर्म ध्यानात ठेवा, पुढचं सगळं त्यातूनच निघतं.

पहिला, हा माल विकत घेण्याआधी तपासता येत नाही. आंबा नाकाला लावून घेता येतो, पंपाची चाचणी घेता येते. पण डिझाइनरनं बीममध्ये सळई पुरेशी धरली की नाही, हे साध्या गिऱ्हाइकाला इमारत उभी राहिल्यावरही कळत नाही. म्हणून इथे गिऱ्हाईक मालाऐवजी नाव, ओळख आणि आधी केलेली कामं बघतं.

दुसरा, यांची सगळी मालमत्ता रोज संध्याकाळी गेटमधून बाहेर पडते आणि सकाळी परत येईल अशी फक्त आशा असते. कारखान्यातलं लेथ राजीनामा देत नाही, इंजिनिअर देतो.

तिसरा, अर्धं काम गिऱ्हाईकच करत असतं. त्याला नेमकं काय हवंय हे त्यानं सांगायचं, दुरुस्त्या सुचवायच्या, मधेच मत बदलायचं. शिंप्यानं कितीही छान शिवलं, तरी माप द्यायला गिऱ्हाइकाला उभं राहावंच लागतं.

आता गंमत बघा. हे तिन्ही गुणधर्म कंपनीला आपल्या गावात बांधून ठेवतात. नाव गावातच असतं, माणसं गावातच राहतात आणि माप घ्यायला गिऱ्हाईक जवळ लागतं. म्हणूनच सांगलीचा नामांकित सीए सहसा सांगलीतच नामांकित असतो. वेशीबाहेर पडायचं तर या तीन दोऱ्या कशा सैल करायच्या, हाच खरा प्रश्न आहे.

मेसच्या डब्यातून डब्ल्यूटीओ

सेवा सीमा ओलांडते ती चार वाटांनी. ही वर्गवारी १९९५ पासून लागू झालेल्या जागतिक व्यापार संघटनेच्या सेवाव्यापार करारात, म्हणजे 'गॅट्स'मध्ये केलेली आहे. तिथली भाषा वाचून झोप येते, म्हणून आपण मेसच्या भाषेत बोलू.

समजा, समोरच्या गल्लीत एक मावशी उत्तम स्वयंपाक करतात. त्यांचं जेवण तुमच्यापर्यंत कसं पोचेल?

एक – डबा तुमच्या रूमवर येतो. मावशी तिथे, तुम्ही इथे, फिरतो फक्त डबा. बंगलोरमध्ये लिहिलेला कोड अमेरिकेतल्या सर्व्हरवर जातो तो असाच.

दोन – तुम्ही त्यांच्याकडे जाऊन जेवता. परदेशी पेशंट ऑपरेशनसाठी मुंबईला येतो, परदेशी विद्यार्थी पुण्यात शिकायला येतो, ते या वाटेनं.

तीन – मावशी तुमच्या होस्टेलमध्येच शाखा उघडतात. म्हणजे परदेशात ऑफिस थाटणं, तिथली कंपनी विकत घेणं.

चार – मावशी स्वतः तुमच्या रूमवर येऊन स्टोव्ह पेटवतात. (रेक्टरसाहेब, हे फक्त उदाहरण आहे!) इंजिनिअरला व्हिसा काढून गिऱ्हाइकाच्या ऑफिसात बसवणं म्हणजे ही चौथी वाट.

प्रत्येक वाटेचा टोल वेगळा. पहिलीत डबा गार होतो, म्हणजे गैरसमज होतात. दुसरीत गिऱ्हाइकाला पायपीट. तिसरीत भांडवल लागतं. चौथीत व्हिसा, विमान आणि तिकडचा पगार. यशस्वी कंपन्यांनी कुठल्याही एकाच वाटेवर भिस्त न ठेवता या वाटांचं मिश्रण केलं. ते कसं, हे पुढे येईलच.

स्वीडनची शिडी आणि आपली दापोडी

कंपन्या गावाबाहेर कशा पडतात यावरचा गाजलेला सिद्धांत स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातून आला. योहानसन आणि वाल्ने या दोघांनी तो १९७७ मध्ये मांडला. त्याआधीच्या अभ्यासात सँडविक, अ‍ॅटलास कॉप्को, फॅसिट आणि व्होल्वो या चार स्वीडिश कंपन्या तपासल्या होत्या. यातल्या पहिल्या दोन नावांच्या पाट्या दापोडीवरून लोकल किंवा बसने जाताना आपण कितीदा पाहिल्या असतील!

सिद्धांत सोपा आहे. कंपनी एकदम उडी मारत नाही, शिडी चढते. आधी अधूनमधून निर्यात, मग तिथला एजंट, मग स्वतःचं विक्री ऑफिस, शेवटी कारखाना. आणि पहिला देश निवडते तो नकाशावर जवळचा असेलच असं नाही, तर मनानं जवळचा. भाषा, कायदा, व्यवहाराची पद्धत जिथे ओळखीची वाटते तिथे ती आधी जाते. याला त्यांनी 'मानसिक अंतर' म्हटलं. प्रत्येक पायरीवर कंपनी थोडं शिकते आणि शिकली की पुढची पायरी चढायची हिंमत करते.

भारतीय सॉफ्टवेअर कंपन्यांना हा नियम अर्धा लागू पडला. शेजारचा देश सोडून त्या थेट अमेरिकेत गेल्या. कारण इंग्रजी! मानसिक अंतराच्या फुटपट्टीनं मुंबईला टोकियोपेक्षा न्यूयॉर्क जवळ. पण शिडीच्या बाबतीत उलटं घडलं. स्वीडिश कंपन्यांना आधी घरची बाजारपेठ होती. आपल्या कंपन्यांना घरी बाजार जवळजवळ नव्हताच. त्यांचं सुरुवातीचं पाऊलच दाराबाहेर पडलं, आणि त्यामागे हौसेपेक्षा नाइलाज जास्त होता.

मुंबई ते डेट्रॉईट

टीसीएसची स्थापना १९६८ मध्ये मुंबईत झाली. सुरुवातीचं काम टाटांच्याच कंपन्यांचे हिशेब पंचकार्डांवर करून देण्याचं, आणि बँकांची तशाच प्रकारची कामं. १९६९ मध्ये सूत्रं आली फकीरचंद कोहली यांच्याकडे. हा माणूस इलेक्ट्रिकल इंजिनिअर, टाटा इलेक्ट्रिकमधून आलेला. (इलेक्ट्रिकलवाल्यांनो, कॉलर टाइट करा!)

त्या काळात संगणक आयात करणं म्हणजे दिव्य. परकीय चलनाची टंचाई, वर भरमसाट जकात. मशीन आणायचं असेल तर निर्यात करून डॉलर मिळवून दाखवा, अशी सरकारी अट. म्हणजे टीसीएसला परदेशी गिऱ्हाईक हवं होतं ते घरी मशीन यावं म्हणून. १९७४ मध्ये डेट्रॉईटच्या बरोज या संगणक कंपनीचं काम मिळालं. भारतातून झालेल्या सॉफ्टवेअर निर्यातीच्या अगदी सुरुवातीच्या उदाहरणांत या कामाची गणना होते.

यात शिकण्यासारखं काय? पहिलं परदेशी गिऱ्हाईक बहुधा ओळखीतून, भागीदारातून येतं. बरोजची मशीनं विकली जात तिथे टीसीएसच्या माणसांना काम मिळे. दुसऱ्याच्या नावाच्या खांद्यावर बसून बाजारात शिरणं हा जुना आणि रास्त मार्ग आहे. पण खांदा आपला नसतो! पुढे टाटा आणि बरोज यांची वेगळीच संयुक्त कंपनी निघाली, आणि टीसीएसला स्वतःची गिऱ्हाइकं स्वतः शोधणं भाग पडलं. १९७९ मध्ये एस. रामदोराई यांना न्यूयॉर्कला ऑफिस उघडायला पाठवलं गेलं. शिडीची ही तिसरी पायरी. १९८१ मध्ये पुण्यात टाटांचं संशोधन केंद्र, टीआरडीडीसी, उभं राहिलं. १९८९ मध्ये स्वित्झर्लंडच्या सेगा-इंटरसेटलसाठी शेअर व्यवहारांची सेटलमेंट प्रणाली करून दिली. आणि पहिल्या निर्यातीनंतर जवळजवळ तीस वर्षांनी, २००३ च्या आर्थिक वर्षात, वार्षिक उत्पन्न १ अब्ज डॉलरच्या वर गेलं. सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल पूर्ण करणाऱ्या आपल्यासारख्यांनी हा वेग जरूर लक्षात घ्यावा.

इन्फोसिसची गोष्टही ध्यानात घेण्यासारखी आहे. १९८१ मध्ये पुण्यात सात जणांनी १०,००० रुपयांत ती सुरू केली. पहिलं गिऱ्हाईक न्यूयॉर्कची डेटा बेसिक्स कॉर्पोरेशन. पण १९८३ मध्ये कंपनी पुणे सोडून बंगलोरला गेली ती कशामुळे? पहिलं देशी गिऱ्हाईक, 'मायको', बंगलोरला होतं म्हणून! परदेशी बाजारासाठी जन्मलेली कंपनीसुद्धा राहायला गेली ती घरच्या गिऱ्हाइकाच्या शेजारी. पुणेकरांना ही गोष्ट अजून टोचते, ते सोडा.

माणसं पाठवायची की काम आणायचं?

सुरुवातीला जवळजवळ सगळे चौथ्या वाटेनं गेले. इंजिनिअर विमानात बसवायचे, गिऱ्हाइकाच्या ऑफिसात नेऊन सोडायचे, तासावर बिल लावायचं. याला थट्टेनं 'बॉडी शॉपिंग' म्हणत. यात कंपनीकडे साठत काहीच नसे. अनुभव त्या माणसाच्या डोक्यात, आणि तो माणूस सहा महिन्यांत तिकडेच दुसरी नोकरी धरी.

मग विचार झाला की सगळं काम तिकडे कशाला? माप घ्यायला थोडे जण तिकडे, शिवणकाम इकडे. यातलं गणित एकदा कागदावर मांडूच. आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत.

समजा, काम १,००० तासांचं आहे. सगळं तिकडे केलं तर बिल ताशी ६० डॉलर, कंपनीचा खर्च ताशी ५०. म्हणजे बिल ६०,०००, खर्च ५०,०००, उरले १०,००० डॉलर.

आता ३०० तास तिकडे आणि ७०० तास इकडे. तिकडचं बिल १८,०००, खर्च १५,०००. इकडे ताशी बिल २५ आणि खर्च १२ धरा. बिल १७,५००, खर्च ८,४००. एकूण बिल ३५,५००, एकूण खर्च २३,४००, उरले १२,१००. गिऱ्हाइकाचे २४,५०० डॉलर वाचले आणि कंपनीचा फायदाही वाढला. दोघेही खूश. सुटला पेपर!

पण थांबा. डबा गार होतो हे विसरू नका. तिकडे सांगितलं एक आणि इकडे समजलं भलतंच, म्हणून २०० तास पुन्हा काम करावं लागलं, तर? त्याचं बिल लावता येत नाही, खर्च मात्र २,४०० डॉलर होतो. उरले ९,७००. म्हणजे आधीच्या १०,००० पेक्षाही कमी! हजार तासांच्या कामात दोनशे तासांचा गैरसमज झाला की समुद्रापलीकडून काम करण्याचा कंपनीचा सगळा फायदा पाण्यात.

या धंद्याचा जीव इथे आहे. स्वस्त पगारानं दार उघडतं हे खरं, पण आत टिकायचं तर डोक्यातलं ज्ञान कागदावर न सांडता उतरवता आलं पाहिजे. स्पेसिफिकेशन, रिव्ह्यू, टेस्ट रिपोर्ट, बदलांची नोंद – ज्या गोष्टींना आपण 'राइट-अप' म्हणून नाकं मुरडतो, त्याच या मालाचं लाकडी खोकं आहेत.

न बघता विश्वास

काम आणायला रस्ताही हवा. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सनं १९८५ मध्ये बंगलोरला केंद्र काढलं ते उपग्रहाची लिंक घेऊन. पण सगळ्यांना स्वतःची डिश कुठली परवडायला! पुढे सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कची योजना आली. पहिली तीन केंद्रं बंगलोर, पुणे आणि भुवनेश्वर. तिथे छोट्या कंपनीलाही उपग्रहाची लाइन भाड्यानं मिळू लागली. त्यात घड्याळही मदतीला आलं. न्यूयॉर्क आपल्यामागे हिवाळ्यात साडेदहा तास आणि उन्हाळ्यात साडेनऊ. त्यांनी संध्याकाळी कळवलेली चूक त्यांच्या सकाळपर्यंत दुरुस्त! अर्थात त्यासाठी आपल्याकडच्या कुणाला तरी रात्री नऊच्या कॉलला बसावं लागतं, हा त्याचा दुसरा भाग.

रस्ता झाला, विश्वासाचं काय? माल तपासता येत नाही हा पहिला गुणधर्म आठवा. त्यावर तोडगा निघाला तो असा, की माल तपासता येत नसेल तर माल बनवण्याची पद्धत तपासा. अमेरिकेच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटनं सीएमएम नावाची पाच पायऱ्यांची मोजपट्टी केली होती. बंगलोरच्या मोटोरोला केंद्राला त्यातली सर्वोच्च, पाचवी पायरी मिळाली. मग भारतीय कंपन्यांत स्पर्धाच लागली. गंमत अशी की ज्यांच्या देशात ही मोजपट्टी तयार झाली त्यांच्यापेक्षा आपल्याला तिची गरज जास्त होती. ओळखीच्या दुकानाला आयएसआयचा शिक्का कुणी विचारत नाही, अनोळखी दुकानाला विचारतात.

नंतर आला वायटूके. २००० साल उजाडताना जुन्या प्रोग्राममधली दोन आकडी सालं गडबड करणार, म्हणून करोडो ओळी तपासायच्या होत्या. काम कंटाळवाणं, पण बडी गिऱ्हाइकं याच निमित्तानं पहिल्यांदा दारात आली. ज्यांनी ते वेळेत आणि नीट करून दिलं, त्यांना पुढची कामं मिळाली. छोटं, नीरस काम ही मोठ्या घराची किल्ली असते.

आणि विश्वास जमवायला किती वर्षं लागतात नि जायला किती, हेही सांगायला हवं. २००९ च्या जानेवारीत सत्यमच्या अध्यक्षांनी हिशेबातल्या घोटाळ्याची कबुली दिली. इंजिनिअर तेच, कोड तोच, पण गिऱ्हाइकांच्या नजरेत कंपनी रातोरात बदलली. त्याच वर्षी पुण्याच्या टेक महिंद्रानं तिचा ताबा घेतला.

पुण्याच्या तीन वाटा

वेशीबाहेर पडण्याची तऱ्हा सगळ्यांची सारखी नसते. आपल्या पुण्यातलीच तीन उदाहरणं पाहा.

टेक महिंद्राचा जन्म १९८६ चा, महिंद्रा आणि ब्रिटिश टेलिकॉम यांची संयुक्त कंपनी म्हणून. इथे पहिलं परदेशी गिऱ्हाईकच भागीदार होतं. काम शोधायला जावं लागलं नाही आणि टेलिकॉमचं ज्ञान घरबसल्या मिळालं. किंमत एकच, बराच काळ अंगणात एकच झाड. २०१२ मध्ये ब्रिटिश टेलिकॉम भागीदारीतून पूर्ण बाहेर पडली, तोवर कंपनीनं इतर झाडं लावली होती.

पर्सिस्टंट सिस्टीम्स १९९० ची. आनंद देशपांडे अमेरिकेतून पीएचडी आणि नोकरी करून परतले आणि पुण्यात त्यांनी ती काढली. डेटाबेस हा त्यांच्या अभ्यासाचाच विषय. त्यांनी बँकांच्या मागे न लागता सॉफ्टवेअर प्रॉडक्ट बनवणाऱ्या कंपन्यांनाच गिऱ्हाईक केलं. दुनियेला सगळं विकण्यापेक्षा दुनियेतल्या थोड्यांना एकच गोष्ट नीट विकायची, ही ती वाट.

केपीआयटीही १९९० ची, आणि तिची मुळं चक्क किर्तने पंडित या सीए फर्ममध्ये! २००२ मध्ये कमिन्स इन्फोटेक तिच्यात विलीन झाली. कमिन्स म्हणजे अमेरिकन इंजिन कंपनी, पण कोथरूडला पिढ्यान्‌पिढ्या ओळखीची. पुण्यातल्या ओळखीचा धागा धरून परदेशी बाजारात जायचं, असा हा प्रकार. पुढे तिनं एकेक करून बाकीचं काम सोडलं आणि २०१९ पासून ती वाहनांच्या सॉफ्टवेअरपुरतीच राहिली. २०२२ मध्ये तर म्युनिकची टेक्निका इंजिनिअरिंग विकत घेतली. जर्मन गाडीवाल्याला शेजारी जर्मन इंजिनिअर लागतो, म्हणून ही तिसरी वाट.

कुठे अडतं?

पहिली अडचण, एकाच गिऱ्हाइकावर जगणं. १९९५ मध्ये इन्फोसिसच्या एका बड्या गिऱ्हाइकानं दर पाडून मागितले. कंपनीच्या उत्पन्नाचा सुमारे चौथा हिस्सा त्याच्याकडून यायचा. इन्फोसिसनं नाही म्हटलं, काम सोडलं, आणि पुढे कुणा एकावर इतकं अवलंबून राहायचं नाही असं ठरवलं. 'नाही' म्हणण्याची ताकद ही बाकीची गिऱ्हाइकं असतील तरच येते.

दुसरी अडचण, व्हिसा. चौथी वाट दुसऱ्याच्या अंगणातून जाते. अमेरिकेनं एच-१बी व्हिसाची वार्षिक मर्यादा २००१ ते २००३ या काळात १,९५,००० केली होती, २००४ पासून ती ६५,००० वर आणली, तिकडे मास्टर्स केलेल्यांसाठी २०,००० वेगळे. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये नव्या अर्जांवर १ लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं. म्हणून शहाण्या कंपन्यांनी आधीच स्थानिक माणसं घेतली, शिवाय मधल्या जागा शोधल्या. टीसीएसनं २००१ मध्ये हंगेरीत बुडापेस्टला आणि २००२ मध्ये उरुग्वेत माँटेव्हिडिओला केंद्रं काढली, ती याच विचारानं. भाषा गिऱ्हाइकाची, घड्याळ गिऱ्हाइकाचं, पद्धत आपली.

तिसरी, परवाना. कोड कुणीही लिहावा, पण पुलाच्या ड्रॉइंगवर सही परवानाधारक इंजिनिअरचीच लागते आणि परवाना त्या त्या राज्याचा, देशाचा. वकील, डॉक्टर, आर्किटेक्ट यांचंही तेच. म्हणून सॉफ्टवेअर जितक्या झपाट्यानं जगभर गेलं तितकी सिव्हिलची कन्सल्टन्सी गेली नाही. सिव्हिलवाल्यांचं डोकं कमी पडलं म्हणून नव्हे, सहीला व्हिसा मिळत नाही म्हणून.

चौथी, भाषा. अमेरिका-इंग्लंड जमलं, जपान चिवट निघालं. टीसीएसला २०१४ मध्ये तिथे मित्सुबिशीबरोबर संयुक्त कंपनी करावी लागली. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटच्या जपानी-जर्मनच्या वर्गांना इंजिनिअर गर्दी का करतात, त्याचं उत्तर यात आहे.

आता वारं कुठे वाहतंय?

जुनं गणित आता दोन्ही बाजूंनी हलू लागलंय. एकीकडे गिऱ्हाइकंच इथे येऊन राहिली. परदेशी कंपन्यांची स्वतःची केंद्रं, ज्यांना जीसीसी म्हणतात, ती भारतात २०२४ पर्यंत १,७०० च्या घरात गेली. डबा मागवण्याऐवजी त्यांनी मावशींच्या गल्लीतच स्वतःचं स्वयंपाकघर बांधलं, आणि मावशींच्या हाताखालच्या मुलींना तिथे नोकरीवर घेतलं!

दुसरीकडे कृत्रिम बुद्धिमत्ता. साधा कोड, साधी टेस्ट केस, साधा रिपोर्ट ती करून देते. इकडच्या स्वस्त तासांवर उभं असलेलं वरचं गणित पुन्हा मांडून पाहा, त्या ७०० तासांतले बरेच तास नाहीसेच झाले तर? टीसीएसकडे २०२५ च्या मार्चअखेर ६ लाखांच्या वर माणसं होती आणि त्याच जुलैमध्ये कंपनीनं सुमारे २ टक्के कमी करण्याचं जाहीर केलं. जास्त काम म्हणजे जास्त भरती, हे समीकरण आता गृहीत धरता येत नाही. मास रिक्रूटमेंटच्या भरवशावर पाय पसरून झोपलेल्यांसाठी ही गोष्ट गंभीर आहे.

पण नीट पाहिलं तर कमी होतंय ते शिवणकाम. माप घेणं, म्हणजे गिऱ्हाइकाला काय हवंय ते त्याच्याकडून काढून घेणं, ते चुकतंय कुठे हे ओळखणं, आणि शेवटी 'हे माझं' म्हणून सही करणं, याची गरज तशीच आहे.

मग आपण काय करायचं?

उपदेश करायचा नाही असं ठरवूनही थोडा होतोच.

एक, कुठल्या तरी एका धंद्याची खरी माहिती करून घ्या. साखर कारखाना, फाउंड्री, बँक, हॉस्पिटल, काहीही. नुसती भाषा येणारे खूप, पण इचलकरंजीचा लूम का थांबतो हे कळणारा प्रोग्रामर दुर्मीळ.

दोन, लिहायला शिका. जर्नल कॉपी मारताना आपण हस्ताक्षराशिवाय काही शिकत नाही. आपल्या प्रोजेक्टचं चार पानी वर्णन दुसऱ्या ब्रँचच्या मित्राला न विचारता कळलं, तर समजा खोकं नीट पॅक झालं.

तीन, जवळच्या गिऱ्हाइकाला कमी लेखू नका. एमआयडीसीतल्या एखाद्या वर्कशॉपला दिलेली छोटीशी प्रणाली दोन वर्षं बिनतक्रार चालली, तर ती तुमची पहिली ओळखपत्रिका असते. शिडीची खालची पायरी गावातच असते.

चार, शिक्षकवर्गाला एक नम्र विनंती. एक्स्टर्नल प्रोजेक्टमध्ये मुलांना खऱ्या गिऱ्हाइकासमोर बसू द्या, जो मधेच मत बदलतो, वेळेवर भेटत नाही आणि शेवटी 'मला हे नको होतं' म्हणतो. व्हायव्हात असा एक्झामिनर सहसा मिळत नाही, पुढे मात्र आयुष्यभर तोच असतो.

लाकडी खोक्याची गरज पंपाला एकदाच पडते. ज्ञानाचं खोकं रोज नव्यानं बांधावं लागतं, दर गिऱ्हाइकागणिक. ते बांधणारे हात कुणाचे असतील, हे पुढच्या चार-पाच वर्षांत ठरणार आहे. या कॉलेजच्या खोल्यांतून त्यातले थोडे तरी हात जावेत. निदान पुढच्या पीपीटीला, 'एनी क्वेश्चन्स?' असं विचारल्यावर सगळे खाली बघत असताना एखाद्यानं हात वर करून विचारावं, "सर, तुमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाचा उत्पन्नात वाटा किती?" उत्तर काहीही येवो, समोरचा माणूस तुमचं नाव मात्र नक्की लिहून घेईल.